गिमवी येथील शिस्टोसोमियासिस व त्याच्या निदानाचा इतिहास

रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातील गिमवी ह्या गावी मूत्रमार्गाचा शिस्टोसोमियासिस (शिस्टोसोमा वंशातील कृमींमुळे होणारा रोग, बिल्हार्झियासिस) स्थानिक स्वरूपात असल्याचे आर्. के. गाडगीळ व एस्. एन्. शहा यांनी १९५२ साली प्रसिद्ध केले. हा रोग मुख्यत्वे आफ्रिका खंडातील व पश्चिम आशियातील आहे. परदेशांतून परतलेले सैनिक, खलाशी व व्यापारी यांच्यात तो भारतातही अधूनमधून आढळत असे. तथापि ज्या गावात रुग्ण राहतो त्याच गावाच्या पाण्यातून त्याला संसर्ग होतो, असे दाखविणारे भारतातील सर्वांत सविस्तर अभ्यासले गेलेले उदाहरण गिमवीचेच होय. गाडगीळ व शहा यांना हा परजीवी (दुसऱ्या सजीवावर उपजीविका करणारा जीव) शिस्टोसोमा हीमॅटोबियम असल्याचे आढळले. ह्या ओळखीविषयी पुढे शंका घेतल्या गेल्या. त्या शंकांचे मूळ निदानाच्या साधनांत आहे. गिमवीचे शोधकार्य ज्या काळी झाले त्या काळी कृमीची जात ठरविण्यासाठी अंड्याचा आकार व मध्यस्थ गोगलगाय ही दोनच साधने उपलब्ध होती. परजीवीच्या आनुवंशिक द्रव्यावरून त्याची जात ओळखणाऱ्या रेणवीय परीक्षा त्यानंतर सु. तीस ते पन्नास वर्षांनी विकसित झाल्या.

शिस्टोसोमा वंशातील कृमी १ ते २ सेंमी. लांब असून रक्तवाहिन्यांत राहतात. बहुतेक पर्णकृमी उभयलिंगी असतात. ह्या वंशात मात्र नर व मादी वेगळे असून नराच्या अंगाच्या पन्हळीत मादी राहते. शि. हीमॅटोबियम ही जाती मूत्राशयाभोवतालच्या नीलांच्या (अशुद्ध रक्त वाहून नेणाऱ्या वाहिन्यांच्या) जाळ्यात राहते व तिची अंडी मूत्रावाटे बाहेर पडतात. शि. मॅन्सोनाय व शि. जापोनिकम ह्या जाती आतड्याच्या नीलांत राहतात व त्यांची अंडी मलावाटे बाहेर पडतात. त्यामुळे मूत्रमार्गातील व आतड्यातील शिस्टोसोमियासिसाच्या परीक्षांचा विकास बराचसा एकत्रच झालेला आहे. अंडे गोड्या पाण्यात पडले म्हणजे त्यातून मायरासिडियम नावाचा डिंभ (पूर्वावस्थेतील जीव) बाहेर येतो व योग्य जातीची गोगलगाय मिळाल्यास तिच्यात शिरतो. गोगलगायीच्या शरीरात त्याची संख्या अनेक पटींनी वाढते आणि काही आठवड्यांनी दुभंगलेल्या शेपटीचे असंख्य डिंभ (सरकारिया) पाण्यात सुटतात. पाण्यात उतरलेल्या माणसाच्या त्वचेतून हे डिंभ आत शिरतात. रोगाचे ठळक लक्षण म्हणजे रक्तमेह (मूत्रातून रक्त जाणे). रोग दीर्घकाळ राहिल्यास मूत्राशयाची भित्ती जाड व कठीण होते, मूत्रवाहिन्या अरुंद होतात आणि मूत्राशयाचा कर्करोगही उद्‌भवू शकतो.

टेओडोर बिल्हार्ट्स यांनी १८५१ मध्ये कैरो येथे शवविच्छेदनात हा कृमी प्रथम पाहिला. मॅन्सोनाय व हीमॅटोबियम ह्या जाती वेगळ्या आहेत की एकच, हा वाद पुढे दीर्घकाळ चालला. आर्. टी. लीपर यांनी १९१५ मध्ये ईजिप्तमध्ये दोन वेगवेगळ्या वंशांच्या गोगलगायींवर प्रयोग करून तो मिटविला. तेव्हापासून कृमीची जात ओळखताना त्याची गोगलगाय कोणती, हा प्रश्न पहिल्याने विचारला जाऊ लागला. गिमवीच्या बाबतीत हाच प्रश्न अडचणीचा ठरला.

भारतात जनावरांतील शिस्टोसोमा मानवी रोगापूर्वीच माहीत झाले होते. आर्. ई. माँगमरी यांनी १९०६ मध्ये मुक्तेश्वर येथे शि. इंडिकम व शि. स्पिंडाल ह्या जातींचे वर्णन केले. मुंबईच्या बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरीत (१९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट) डब्ल्यू. ग्लेन लिस्टन व एम्. बी. सोपारकर यांनी शि. स्पिंडालचे जीवनचक्र उलगडले (१९१८). डबक्यांत व भातखाचरांत सर्वत्र आढळणारी चपट्या वेटोळ्याची गोगलगाय (इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस) ही ह्या कृमीची मध्यस्थ पोषक होय. १९२१ मध्ये सोपारकरांनी ह्या कृमीच्या सरकारियाचे सविस्तर वर्णन केले. भारतीय शिस्टोसोमांच्या अभ्यासाचा पाया ह्या कार्याने घातला गेला. पहिल्या महायुद्धानंतर ईजिप्त व मेसोपोटेमियातून परतणाऱ्या सैनिकांमुळे मानवी रोग भारतात रुजेल की काय, अशी भीती निर्माण झाली. स्टॅन्ली केंप व एफ्. एच्. ग्रेव्हली यांनी १९१९ मध्ये ह्या शक्यतेची तपासणी केली. ज्या गोगलगायी त्यांनी पारखल्या त्यांत ह्या परजीवीची वाढ होताना दिसली नाही. शि. हीमॅटोबियमचे आफ्रिकेतील नेहमीचे वाहक ब्युलायनस वंशातील आहेत व हा वंश भारतात नाही. ह्या दोन गोष्टींवरून भारत सुरक्षित आहे, असे मत रूढ झाले.

अंड्यावरून जात ठरविण्यातील धोक्याचे एक बोलके उदाहरण याच काळातील आहे. ए. सी. चँडलर यांना बंगालमध्ये मानवी समजल्या गेलेल्या मलात एका अनोळखी शिस्टोसोमाची अंडी आढळली व त्यांनी १९२६ मध्ये तिला शि. इन्‌कॉग्निटम (अज्ञात) असे नाव दिले. पुढे प्रौढ कृमी मिळाले ते डुकरांत. माणसाचा म्हणून नोंदलेला हा कृमी वस्तुतः डुकराचा होता. कृमी हाती नसताना केवळ अंड्यांवरून निष्कर्ष काढल्यास काय होऊ शकते, हे ह्या प्रकरणाने शास्त्रज्ञांच्या मनावर चांगलेच बिंबविले होते. गिमवीकडे पाहताना त्यांनी दाखविलेला सावधपणा बराचसा यातून आलेला आहे.

गिमवी व भोवतालचा प्रदेश जांभ्या दगडाचा, डोंगरउताराचा आणि अतिवृष्टीचा आहे. पावसाळ्यात पऱ्ये व वहाळ दुथडी भरून वाहतात. पावसाळा संपला की प्रवाह क्षीण होतात आणि पाणी ठिकठिकाणच्या डोहांत व कोंडींत उरते. कोकणातील अशा गावांत आंघोळ, कपडे धुणे, गुरे पाजणे व मुलांचे डुंबणे हे सारे त्याच पाण्यात होत असे. पाण्याशी असा संपर्क आणि पाण्यात पोहोचणारे मूत्र एवढ्या दोन गोष्टी रोगाच्या प्रसाराला पुरतात. अट एवढीच की, गोगलगाय योग्य असली पाहिजे.

गाडगीळ व शहा यांचा १९५२ चा अहवाल तत्कालीन मुंबई राज्यात रोगाचे स्थानिक केंद्र असल्याचे प्रतिपादन करणारा होता. गावकऱ्यांच्या मूत्रात अग्रकंटक असलेली (एका टोकाला काटा असलेली) अंडी आढळली. अशी अंडी शि. हीमॅटोबियमची वैशिष्ट्यपूर्ण समजली जातात. त्यांची लांबी सु. ०·११ ते ०·१७ मिमी. असते. १९५५ मध्ये त्याच संशोधकांनी गोगलगायींच्या संसर्गासंबंधीचे कार्य प्रसिद्ध केले आणि फेरिसिया टेन्युइस ही गिमवीतील मध्यस्थ पोषक असल्याचे सांगितले. १९६३ मध्ये गाडगीळांनी सर्व कार्याचा पुन्हा आढावा घेतला.

फेरिसिया ही नेहमीच्या अर्थाने गोगलगाय वाटत नाही. तिच्या शंखाला वेटोळे नसते. तो टोपीसारखा, पातळ व अवघा काही मिलिमीटर लांब असतो. पाण्यातील दगडांच्या व पानांच्या खालच्या बाजूस ती चिकटून राहते आणि मुद्दाम शोधल्याखेरीज दृष्टीस पडत नाही. पूर्वीच्या पाहण्यांत तिच्याकडे दुर्लक्ष झाले असल्यास त्यात नवल नाही. शि. हीमॅटोबियम ब्युलायनसखेरीज इतर वंशांतही वाढू शकतो, हे पोर्तुगालमधील जुन्या केंद्रावरून माहीत होते; तेथील वाहक प्लॅनॉर्बेरियस वंशातील होती. तरीही टोपीच्या आकाराची गोगलगाय हा सर्वांना अनपेक्षित असा वाहक होता. ह्या गोगलगायी त्या काळी एका स्वतंत्र कुलात घातल्या जात. आनुवंशिक द्रव्याच्या तुलनेवरून आता त्यांचे नाते ब्युलायनस व इंडोप्लॅनॉर्बिस ज्या समूहात येतात त्या समूहाशी जवळचे ठरले आहे. एवढ्यावरून गिमवीचा निष्कर्ष सिद्ध होत नाही. परंतु वाहक अशक्य कोटीतील आहे, हा जुना आक्षेप मात्र त्यामुळे बराच दुबळा होतो.

आक्षेप दोन प्रकारचे होते. एक म्हणजे, परजीवी आफ्रिकेतून आलेला शि. हीमॅटोबियम असेल, तर ब्युलायनस नसलेल्या प्रदेशात तो टिकला कसा व आसपासच्या शेकडो तशाच गावांत तो पसरला का नाही. दुसरा म्हणजे, तो एखादी वेगळी, कदाचित जनावरांतील शिस्टोसोमांच्या जवळची जाती तर नसेल. व्ही. आर्. साउथगेट व एम्. सी. अगरवाल यांनी १९९० मध्ये भारतातील मानवी शिस्टोसोमियासिसाविषयी एक लेख लिहिला. त्याच्या शीर्षकाच्या शेवटीच प्रश्नचिन्ह होते. जबलपूर येथे जनावरांतील शिस्टोसोमांवर दीर्घकाळ काम केलेल्या अगरवालांनी पुढे २०१२ मध्ये दक्षिण आशियातील ह्या कृमींवर ग्रंथही लिहिला. दोन्ही आक्षेपांना समाधानकारक उत्तर सूक्ष्मदर्शक देऊ शकत नाही.

सूक्ष्मदर्शकाने निदान करण्याची पद्धत साधी व स्वस्त आहे. दुपारच्या सुमारास घेतलेल्या मूत्रात अंडी सर्वाधिक असतात. म्हणून साधारणतः १० मिलि. मूत्र बारीक छिद्रांच्या गाळणीतून गाळून गाळणीवर उरलेली अंडी मोजतात. आतड्यातील कृमींसाठी १९७२ पासून काटो-काट्झ ही पद्धत रूढ आहे. तीत ४१·७ मिग्रॅ. मल काचपट्टीवर पसरून अंडी मोजतात व त्या संख्येस २४ ने गुणून दर ग्रॅममागील संख्या काढतात. एका काचपट्टीवर एकही अंडे न दिसल्यास त्याचा अर्थ दर ग्रॅमला २४ पेक्षा कमी अंडी, एवढाच होतो. कृमी नाहीत असा होत नाही. रोगाचे प्रमाण मोठे असते तेव्हा हा दोष खुपत नाही. गिमवीसारख्या लहान केंद्रात संसर्ग सौम्य होत गेला की पद्धतीची मर्यादा हीच उत्तराची मर्यादा होऊन बसते.

रक्तरसातील प्रतिपिंडे (परजीवीच्या विरोधात शरीरात तयार होणारी प्रथिने) शोधणाऱ्या परीक्षा अधिक संवेदनशील असतात. बी. डी. साठे, डी. एम्. रेणापूरकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एंझाइमाशी जोडलेल्या प्रतिपिंडांच्या साहाय्याने करावयाची एलायझा परीक्षा गिमवीत वापरली व तिचा अहवाल १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. ह्या कार्यामुळे पहिल्या अहवालानंतर जवळजवळ चार दशकांनी हे गाव पुन्हा शास्त्रीय वाङ्‌मयात आले. प्रतिपिंड परीक्षेला मात्र कोकणात एक विशेष अडचण आहे. भातलावणीच्या वेळी शेतकरी तासन्‌तास खाचरात उभा असतो. त्याच खाचरात चिखलणीसाठी बैल-रेडे उतरलेले असतात आणि तेथेच इंडोप्लॅनॉर्बिस असते. जनावरांतील शिस्टोसोमांचे सरकारिया माणसाच्या त्वचेत शिरतात. ते आत वाढू न शकल्याने मरतात व अंगाला खाज सुटून पुरळ उठते. परंतु तेवढ्यानेही शरीरात प्रतिपिंडे निर्माण होऊ शकतात. शिवाय संसर्ग बरा झाल्यावरही ती वर्षानुवर्षे टिकतात. म्हणून होकारार्थी प्रतिपिंड परीक्षेवरून कोणत्या जातीचा संसर्ग, आणि आजचा की जुना, हे सांगता येत नाही.

रेणवीय परीक्षा ह्या ठिकाणी उपयोगी पडतात. कॅरी मलिस यांनी १९८३ मध्ये कल्पिलेल्या पॉलिमरेज शृंखला विक्रियेने डीएनएचा निवडक तुकडा काही तासांत कोट्यवधी पटींनी वाढविता येतो. परजीवींच्या निदानासाठी ती वापरताना दोन व्यावहारिक अडथळे आले. मलातील पित्तलवणे व इतर द्रव्ये विक्रियेस अडवितात. म्हणून डीएनए आधी शुद्ध करावे लागते. अंड्यांचे कवच चिवट असल्याने ते मण्यांसह घुसळून किंवा आलटून पालटून गोठवून व तापवून फोडावे लागते. ह्या अडचणी दूर झाल्यावर आतड्यातील परजीवींबाबत महत्त्वाचे निष्कर्ष हाती आले. आमातिसाराचा अमीबा (एंटामीबा हिस्टोलिटिका) व निरुपद्रवी ए. डिस्पार हे सूक्ष्मदर्शकाखाली एकसारखे दिसतात. एमील ब्रम्प्ट यांनी १९२५ मध्ये त्या दोन जाती असल्याचे सुचविले होते, पण ते फारसे कोणी मानले नाही. एंझाइम व डीएनए यांच्या पुराव्यावरून १९९३ मध्ये त्या रीतसर वेगळ्या करण्यात आल्या. त्यापूर्वीची अमीबासंसर्गाची बहुतेक आकडेवारी दोन जातींची एकत्रित गणना होती, असे म्हणावे लागते. एकाच विक्रियेत अमीबा, जिआर्डिया व क्रिप्टोस्पोरिडियम ओळखणाऱ्या संयुक्त परीक्षा २००४ च्या सुमारास तयार झाल्या. अशा परीक्षांत प्रत्येक परजीवीसाठी वेगळ्या रंगाची प्रस्फुरक (प्रकाश देणारी) खूण वापरतात.

शि. हीमॅटोबियमसाठी योग्य लक्ष्य शोधताना संशोधकांनी जनुकसंचात पुनःपुन्हा येणारे अनुक्रम निवडले. जे. हँबर्गर व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये वर्णन केलेला ड्रा-१ हा १२१ क्षारक-जोड्यांचा अनुक्रम एकामागून एक असा असंख्य वेळा आलेला असतो. लक्ष्याच्या इतक्या प्रती असल्याने एका अंड्यातील किंवा एका सरकारियातील अल्प डीएनएही सापडते. मूत्रात एकही अंडे न दिसता केवळ कृमीच्या डीएनएचे तुकडे असले तरी निदान होऊ शकते. सौम्य संसर्गाच्या केंद्रासाठी ही परीक्षा म्हणूनच आकर्षक आहे. सम तापमानात, यंत्राविना डीएनए वाढविण्याची जी पद्धत २००० मध्ये जपानमध्ये निघाली, तीही ह्याच लक्ष्यासाठी वापरली जाते; ग्रामीण प्रयोगशाळेत ती अधिक सोयीची आहे.

परंतु ड्रा-१ अनुक्रम केवळ शि. हीमॅटोबियमचा नाही. शि. बोव्हिस व त्या गटातील आफ्रिकेच्या इतर जातींतही तो आढळतो. त्यामुळे गिमवीसारख्या ठिकाणी ही परीक्षा होकारार्थी आल्यास कृमी त्या गटातील आहे, एवढे कळेल. जात कळणार नाही. नकारार्थी आल्यास मात्र संसर्ग नाही, की कृमीच निराळ्या गटातला आहे, असा नवा पेच उभा राहील. जात ठरविण्यासाठी दोन ठिकाणचे अनुक्रम वाचावे लागतात : एक पेशीकेंद्रातील रिबोसोमी जनुकांमधील अंतरालांचा व दुसरा कलकणूतील (पेशीतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या घटकातील) सायटोक्रोम ऑक्सिडेज जनुकाचा. कलकणूतील डीएनए केवळ मातेकडून येते, तर पेशीकेंद्रातील दोन्ही पालकांकडून. त्यामुळे दोहोंची साक्ष जुळली नाही, तर कृमी संकरज आहे हेही उघड होते.

ही शक्यता निव्वळ कल्पनेतली नाही, हे कॉर्सिका बेटावर दिसून आले. तेथील काव्हू नदीत स्नान केलेल्या लोकांना मूत्रमार्गाचा शिस्टोसोमियासिस झाल्याचे २०१४ मध्ये उघडकीस आले. फ्रान्सच्या ह्या भागात असे केंद्र असेल, अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती. जे. ब्वास्ये व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखविले की, हा कृमी शि. हीमॅटोबियम व गुरांतील शि. बोव्हिस यांचा संकर असून त्याचे जवळचे आप्त सेनेगलमध्ये आहेत. अंड्यांच्या आकारावरून एवढे कधीच सांगता आले नसते. रोगाच्या नेहमीच्या क्षेत्राबाहेर एखादे एकाकी केंद्र सापडणे, ते कोठून आले हे न कळणे आणि जनावरांतील कृमीचा संशय येणे, ह्या तिन्ही बाबतींत कॉर्सिका व गिमवी यांत साम्य आहे. फरक काळाचा आहे. कॉर्सिकाचे केंद्र उघडकीस आले तेव्हा शि. हीमॅटोबियमचा जनुकसंच प्रसिद्ध होऊन (२०१२) दोन वर्षे झाली होती. गिमवीचे केंद्र सापडले तेव्हा डीएनएची द्विसर्पिल संरचनाही ज्ञात नव्हती. ती पुढच्या वर्षी, १९५३ मध्ये मांडली गेली.

जुन्या सामग्रीचा उपयोग करता येईल काय, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे. त्या काळी अंडी व कृमी टिकविण्यासाठी सामान्यतः फॉर्मॅलीन वापरीत. फॉर्मॅलिनामुळे आकार उत्तम टिकतो, पण डीएनएचे तुकडे होतात व ते प्रथिनांशी जखडले जाते. केवळ अल्कोहॉलात ठेवलेल्या किंवा वाळवून ठेवलेल्या नमुन्यांतून लहान अनुक्रम मिळण्याची शक्यता त्यापेक्षा बरीच जास्त असते. अलीकडे क्षेत्रकार्यात डिंभ एका विशिष्ट रसायनयुक्त कागदावर टिपून ठेवतात. सामान्य तापमानात तो कागद वर्षानुवर्षे टिकतो. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये जगभरच्या शिस्टोसोमांचा व त्यांच्या गोगलगायींचा अशा प्रकारचा संग्रह जोपासला जातो.

गोगलगायीचीही ओळख नव्याने करावी लागेल. फेरिसिया वंशातील जाती शंखाच्या आकारावरून वेगळ्या करणे फार कठीण आहे. यूरोप व पूर्व आशियातील ज्या फेरिसिया स्थानिक जाती समजल्या जात होत्या, त्यांपैकी काही वस्तुतः उत्तर अमेरिकेतून पसरलेल्या एकाच जातीच्या असल्याचे २००६ मध्ये डीएनएवरून दिसून आले. गिमवीच्या पऱ्ह्यातील गोगलगाय खरोखर फेरिसिया टेन्युइसच आहे काय, याचे उत्तर तिच्या डीएनएवरूनच खात्रीने देता येईल. परजीवीचा शोध गोगलगायीतही घेता येतो. अनेक लहान गोगलगायी एकत्र कुटून त्यांवर ड्रा-१ परीक्षा केली, तर शेकड्यात एखादी संसर्गित असली तरी ती हाती लागते. मात्र गोगलगायीत कृमीचे डीएनए सापडले म्हणजे मायरासिडियम तिच्यात शिरला, एवढेच सिद्ध होते. अयोग्य गोगलगायीतही तो शिरतो व काही काळाने नष्ट होतो. त्यामुळे गोळा केलेल्या गोगलगायी एकेक करून स्वच्छ पाण्याच्या काचपात्रात, उजेडात ठेवून त्यांतून सरकारिया बाहेर पडतात की नाही हे पाहण्याची सोपारकरांच्या काळापासूनची पद्धत रेणवीय परीक्षेच्या जोडीने अद्याप वापरली जाते.